महापालिकेने गैरहजर मुलांचाही हिशेब मागावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्याला महापालिकेच्या जरगनगर विद्यामंदिरात प्रवेशासाठी लागणारी रांग आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत झळकणारी महापालिकेची मुले, या दोन्ही गोष्टींचा कोल्हापूरकरांना अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण पट आणि शिष्यवृत्ती हे दोन्ही आकडे शाळेत येणाऱ्या मुलांचे आहेत. न येणाऱ्या, मध्येच गळणाऱ्या आणि वर्गात बसूनही मागे पडणाऱ्या मुलांचा आकडा महापालिकेच्या सभागृहासमोर नियमित यायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे आणि हद्दीतील शाळांच्या कामकाजावर देखरेख करणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे शहरात महापालिकेची, कर्तव्ये आहेत. या देखरेखीतून खासगी शाळा वगळलेल्या नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड बसवायचा तर कोणाचे मूल शाळेत नाही याची यादी हातात असावी लागते. आजही कामाची सुरुवात त्या यादीपासूनच होते.

ही यादी कुठे बिघडते ते पाहा. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. गळीत हंगाम सुरू होतो त्यानंतर. बीडकडून येणारी ऊसतोड कुटुंबे कसबा बावड्याच्या बाजूला खोप्या टाकतात, तोवर पट गोठलेला असतो. नोव्हेंबरात वर्गात आलेल्या दहा-बारा मुलांसाठी शिक्षक वाढत नाही, आणि त्यांचे नाव गावाकडच्या शाळेत असल्याने विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर दुबार नोंदीची भीती असते. मुख्याध्यापक मग 'दाखला आणा' म्हणतात. वास्तविक कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. आधार नसलेले मूल संचमान्यतेत धरले जात नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही. यावर शिक्षण हमी कार्डाची सोय राज्यात आहेच: मूळ शाळेतले नाव तसेच ठेवायचे, इथली हजेरी आणि प्रगती कार्डावर लिहायची आणि परतताना कार्ड पालकांच्या हाती द्यायचे. कार्ड गावाहून आणलेच नसेल तर इथल्या शिक्षकाने मूळ शाळेला फोन करून ते मागवावे. मजूर आईबापावर ते सोडले तर हंगाम संपतो तरी कार्ड येत नाही.

दुसरी गळती शहरातल्याच मुलांची. महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. असे नाव कमी होऊन पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. साठ मुलांपर्यंत दोन आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा शिक्षक, असे कायद्याच्या परिशिष्टातले गणित असल्यामुळे काठावरच्या शाळेला एकेक नाव मोलाचे असते. त्यामुळे कधीतरी आलेल्या मुलाची एक दिवसाची हजेरी महिना मोडायला पुरते आणि मूल कागदावर शाळेतच राहते. यात शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. नोंद खरी लिहिल्याची शिक्षा त्यालाच होणार असेल तर नोंद खोटीच येणार. म्हणून महिनाभर थांबू नये. सलग सात दिवस गैरहजेरी झाली की वर्गशिक्षकाने घरी जावे, पंधराव्या दिवशी प्रकरण शैक्षणिक पर्यवेक्षकाकडे जावे आणि कारण नेमक्या शब्दांत लिहावे: आजार, स्थलांतर, काम, धाकट्या भावंडाची राखण, भीती. 'घरगुती अडचण' हा शेरा स्वीकारूच नये. यूडायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतल्या 'ड्रॉप बॉक्स'मध्ये पडलेली नावेही दरमहा काढावीत. शाळा सोडलेले पण पुढच्या शाळेत नोंद न झालेले प्रत्येक मूल तिथे दिसते. ज्या शाळा सातवीपर्यंतच आहेत, तिथे जूनअखेर प्रत्येक मुलाचा आठवीचा प्रवेश कुठे झाला हे शाळेच्या नावानिशी तपासावे. मुली सर्वाधिक इथेच निसटतात, असे आमचे मत आहे.

दिव्यांग मुलांबाबत सर्वात मोठा घोळ प्रमाणपत्राचा. अध्ययन अक्षमतेचे (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीचे) प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे पहिली-दुसरीतल्या बहुतेक मुलांकडे ते असूच शकत नाही. तरीही 'आधी सीपीआरमधून (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातून) कागद आणा, मग बघू' असे सांगितले जाते. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते हे मान्य. पण पुढच्या बाकावर बसवणे, मोठ्या अक्षरांतला मजकूर देणे, तोंडी उत्तर घेणे यांसाठी कोणत्याही कागदाची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्यामुळे चौदाव्या वर्षी जबाबदारी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. आपल्याकडे विशेष शिक्षक किती, त्यांच्याकडे मुले किती आणि एका मुलाकडे महिन्यातून किती वेळा जाणे होते, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की बाकी काही विचारावे लागत नाही.

रॅम्पचेही तसेच. 'रॅम्प आहे – होय' या उत्तराला अर्थ नाही. उतार १:१२ हवा, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ५.४ मीटर लांबी. जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये उरकलेल्या रॅम्पवर चाकाची खुर्ची मागे उलटते. रुंदी १.२ मीटर, कठडा दोन्ही बाजूंना, आणि जागा कमी असेल तर वळण घेऊन मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद आणि बाहेर उघडणारे हवे, आत खुर्ची फिरायला दीड मीटर जागा हवी. आणि तिथे झाडू-बादल्या ठेवून कुलूप लावलेले नसावे. कनिष्ठ अभियंत्याने टेप घेऊन मोजमाप लिहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये.

गुणवत्तेसाठी नव्या योजनेची गरज आम्हाला वाटत नाही. २०२१ च्या 'निपुण भारत' या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याची अपेक्षा ठेवली आहे. चाचणी घेताना वर्गाची सरासरी काढली की तळची पाच मुले दिसेनाशी होतात, आणि कच्ची मुले नेमकी त्या दिवशी गैरहजर असतात. पर्यवेक्षकाने आधी त्या दिवसाचा हजेरीपट मागावा, गैरहजर मुलांची चाचणी आठवड्यात घ्यावी, आणि मागच्या भेटीत शेरेबुकात जे लिहिले त्याची पूर्तता झाली का, हे नवा शेरा लिहिण्याआधी वाचावे.

सुरक्षिततेबाबत एकच. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शाळेने आधी आपली चौकशी करायची, मग ठरवायचे, असा पर्याय कायद्यात नाही. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा, मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे.

पालकांसाठीही सांगतो. मुलाच्या हक्काबाबत तक्रार असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार ती लेखी स्वरूपात महापालिकेकडेच करायची असते. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तोंडी तक्रारीला ही मुदत लागत नाही, म्हणून ती विरून जाते.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. आता प्रभागात नगरसेवक आहेत. त्यांनी शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडून दरमहा शाळानिहाय एकच पानाचा तक्ता मागावा: सलग सात किंवा अधिक दिवस गैरहजर मुले, ड्रॉप बॉक्समधली नावे, हमी कार्डावरची मुले, विशेष शिक्षकांच्या भेटी, वाचनात मागे असलेली मुले आणि प्रलंबित तक्रारी. सभागृहात फक्त संख्या यावी, मुलांची नावे पर्यवेक्षकाकडेच राहावीत. पहिला तक्ता ३० सप्टेंबरच्या पटासोबत करता येईल. त्या दिवशी सगळे हजेरीपट तसेही बाहेर काढलेले असतात.

आपले,
समावेशित शिक्षणाच्या कामातील काही कार्यकर्ते व पालक, कोल्हापूर