जेरोमचं हॉटेल आणि आपलं लॉज

पंचवटी, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

चार महिने तुला उत्तर नाही, रागावला असशील. मी बरा आहे, आईचे गुडघे तसेच. पण आता तुलाच सांगायला हवं. दादाने लॉज बिल्डरला द्यायचं ठरवलंय. गुरुवारी सह्या.

ॲरिझोनातल्या जेरोमच्या त्या हॉटेलचे फोटो तू पाठवलेस, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तांब्याच्या खाणीच्या कंपनीने १९२६ मध्ये डोंगरउतारावर बांधलेलं इस्पितळ, १९५० ला बंद. १९५३ ला खाण थांबली, गाव ओस पडलं. तिथला तुरुंग उतारावरून खाली घसरला, ही इमारत जागची हलली नाही. १९९४ ला एका कुटुंबाने घेतली, १९९६ ला हॉटेल सुरू. आणि लिफ्ट अजून १९२६ चीच! चव्वेचाळीस वर्षं रिकामी राहून ती तगली रे. आपल्या लॉजला मात्र येत्या सिंहस्थापर्यंतही कुणी थांबू देत नाही.

दादाचंही खोटं नाही. मागच्या तुळयांना वाळवी लागलीय, धोकादायक म्हणून नोटीस आलीय, यात्रेकरूंना आता एसी आणि पार्किंग हवं. मी म्हटलं, २०२७ चा सिंहस्थ तरी होऊ दे. तो म्हणाला, "तोवर जिना कुणाच्या अंगावर कोसळला तर?" मी गप्प झालो. तेव्हापासून झोप नाही.

काल माळा आवरताना १९९१ च्या सिंहस्थाचं रजिस्टर सापडलं. गच्चीभर माणसं होती आणि आपण दोघं जिन्याखाली झोपायचो. नावं सगळी तुझ्या अक्षरात. मधल्या पानावर तो शाईचा डाग! इतकी वर्षं तू म्हणतोस, बाटली मी सांडली. लेका, डागाच्या कडेला अंगठा उमटलाय आणि त्यावर मांज्याने चिरल्याची आडवी रेघ आहे. आता बोल!

गल्ल्यामागच्या भिंतीवर आजोबांनी खिळ्याने ओढलेली १९६९ च्या पुराची रेघही तशीच आहे. २००८ ची तिच्या खाली, आपल्या खांद्याएवढी. ती भिंत पाडायच्या कागदावर मी सही कशी करू?

लेकीचं कॉलेज ठरलं का? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. त्या हॉटेलात फोन करून विचार, दुरुस्तीला पहिला हात कुठे घातला, छताला की जिन्याला, आणि माणसं राहत असताना काम कसं केलं. ती काँक्रीटची, आपली सागवानी, माहीत आहे मला. तरी विचार. बुधवारी रात्रीपर्यंत कळव, दादासमोर ठेवायला माझ्या हातात काहीतरी हवं.

तुझाच