रेव्हरंड म्हणजे काय?

नगर,
8 डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. आता काकांचे गुडघे कसे आहेत? एकादशीला ते मंदिरापर्यंत चालत गेले, हे वाचून फार बरं वाटलं. आणखी एक गोष्ट आहे, ती सगळ्यांच्या आधी तुलाच सांगायची आहे.

परवा नववीला टिळकांची कविता शिकवायला घेतली. तीच, जखमी पक्षिणीची, जी आपल्याला गुरुजींनी पाठ करायला लावली होती. फळ्यावर कवीचं नाव लिहिलं : रेव्हरंड नारायण वामन टिळक. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, रेव्हरंड म्हणजे काय?" 28 वर्षं शिकवतोय, हा प्रश्न पूर्वीही आला होता. "पदवी असते एक" म्हणायचं आणि पुढच्या ओळीकडे वळायचं, असं मी करत आलो. परवा वळवेना. म्हटलं, ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाला रेव्हरंड म्हणतात. टिळक 1861 मध्ये कोकणात ब्राह्मणाच्या घरी जन्मले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला. त्या दिवसापासून नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी आपल्या नगरात काढली. वर्ग गप्प झाला. मग त्याच मुलीने विचारलं, "सर, तुमच्या ओळखीचं कुणी ख्रिस्ती आहे?"

"मी आहे," मी म्हटलं.

एवढंच. पुढे कविता शिकवली. वर्गात धर्म सांगायचा नसतो, हे मला कळतं आणि ते योग्यच आहे. पण विचारल्यावर खरं सांगणं वेगळं आणि प्रचार वेगळा. हा फरक माहीत असूनही इतकी वर्षं मी त्या नियमाच्या आडोशाला उभा राहिलो.

तुला माहीत आहे, आमच्याकडे 'साक्ष देणं' म्हणतात. उपासनेत उभं राहायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी किती वेळा दिली! हिची शस्त्रक्रिया झाली तेव्हा, मुलाला नोकरी लागली तेव्हा. पण ऐकणारे सगळे आपलेच, दारं लावलेली. तुझ्या घरात गळ्यातली तुळशीची माळ बाजारातही दिसते, बँकेतही दिसते. काकांना कुणी विचारलं नाही तरी ते वारकरी आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी लहानपणापासून त्या माळेकडे बघत आलो. आडनाव मराठी, बोली नगरी, म्हणून मी मात्र कुठेही खपून गेलो.

मधल्या सुट्टीत गोष्ट शिक्षक खोलीत पोचली होती. एक तरुण सहकारी हसत म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडचे कोणी गव्हासाठी बाटले होते काय?" वाईट हेतू नसावा, ऐकीव वाक्य होतं. पूर्वी मीही हसून चहा घेतला असता. परवा सांगितलं : हो, भूक होती. 1899-1900 च्या दुष्काळात माझे पणजोबा नऊ-दहा वर्षांचे होते. आई-बाप गेले. गावात त्यांच्या सावलीचाही विटाळ होता. मिशनने अशी पोरकी पोरं सांभाळली, त्यांतले ते एक. भाकरी मिळाली, मग अक्षर मिळालं. पुढे म्हातारपणी रोज संध्याकाळी ते मोठ्याने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे. भाकरी खाल्ल्याची त्यांना कधी लाज वाटली नाही, मग मी का लाजू? तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी मोटरसायकलवर मला स्टँडपर्यंत सोडलं मात्र.

गप्प राहण्याला दुसरंही कारण असतं रे, आणि ते फक्त भित्रेपणाचं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. गावाने जात तीच ठेवली, कागदाने काढून घेतली. माझ्या चुलत भावंडांच्या दाखल्यावर म्हणूनच वेगळं लिहिलंय. त्यांना मी नावं ठेवत नाही, पोरांची फी भरायची होती. माझ्या वडिलांनी 'ख्रिस्ती' लिहिलं आणि दोन बिघे विकून मला डी.एड. केलं. त्यांनी दाखल्यावर जे लिहिलं ते तोंडाने म्हणायला मला पंचावन्न वर्षं लागली. हे मला झोपू देत नाही.

काकांना एक सांग. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणायचे. शेवटी शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती. काकांच्या तोंडून अभंग ऐकताना मला तो पूल पायाखाली जाणवायचा. हेही मी त्यांना कधी बोललो नाही.

नाताळची चांदणी आम्ही नेहमी मागच्या पडवीत लावतो. यंदा रस्त्याकडच्या दारावर लावायची, असं हिला सांगितलंय. ती आधी घाबरली, मग स्वतःच वायर शोधायला लागली. तुझी उंच शिडी घेऊन 20 तारखेच्या आत ये. काकांना जमलं तर आण. रिक्षा मी पाठवतो.

तुझाच