आईची ट्यूब आईचीच

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आधी आईचं. आई, तोंडातल्या छाल्यांच्या मलमाची ट्यूब इतक्या लवकर संपतेय म्हणजे तू ती चोळतेस. हे मलम चोळायचं नाही, टेकवायचं. रात्री दात घासून, गोळ्या घेऊन, पाणी पिऊन झालं की मगच. आरशासमोर बस आणि स्वच्छ सुती कापडाच्या टोकाने छाल्यावरची लाळ टिपून घे, कारण ओल्यावर ते बसत नाही, घसरून पोटात जातं. धुतलेल्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढं घे, छाल्यावर ठेव, हलकं दाब आणि बोट उचल. चोळलं तर त्याचा रवा होऊन सुटून येतं. नीट बसलं की वर गुळगुळीत पापुद्रा धरतो आणि औषध त्याच्याखाली रात्रभर राहतं. फार झोंबत असेल तर दुपारच्या जेवणानंतर आणखी एकदा लाव, मग अर्धा तास चहासुद्धा नाही.

स्टिरॉइड म्हटलं की तू घाबरतेस, पण यात ट्रायमसिनोलोन ०.१ टक्केच आहे आणि इतकंसं, आठवडाभर लावून साखरेवर सहसा फरक पडत नाही. ७ दिवसांत उतार नाही पडला तर मात्र थांबायचं. तोंडात दह्यासारखा पांढरा थर दिसला तरी बंद कर. ती बुरशी असते, साखरवाल्यांना लवकर धरते आणि या मलमाने वाढते. आणि बाबांच्या गजकर्णाची ट्यूब दिसायला अशीच आहे, ती कपाटात वेगळी ठेव.

मलमाने आग कमी होते, छाला लवकर भरतो, पण पुन्हा येणं थांबत नाही. तू इतकी वर्षं साखरेची गोळी मेटफॉर्मिन घेतेस, त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि बी-१२ कमी असलं की तोंड सारखं येऊ शकतं. ते रक्त तपासून घेऊ. तोवर ठेचा बंद. माझं तोंड आलं की तू साय लावून द्यायचीस ना, तशी आता स्वतःलाही लाव, दिवसा.

बाबा, आता तुमचं. आईची ट्यूब तुम्ही लावायची नाही. रागावू नका, कंजुषी करत नाहीये. आईचे छाले आज ओठात, उद्या गालात येतात आणि दहा-बारा दिवसांत जातात. तुमची जखम जिभेच्या कडेला एकाच जागी आहे, दिवाळीपासून. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायचीच असते, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याने तर नक्कीच. मलमाने ठणका थांबेल, तुम्ही म्हणाल बरं झालं, आणि आत काय चाललंय ते कळायला उशीर होईल. मी तसलंच काही आहे असं म्हणत नाही हो. तुटक्या दाढेची धार लागत असेल तर ती घासून गुळगुळीत करतात आणि जखम आपोआप भरायला लागते. नाही भरली तर जागा बधिर करून बारीक तुकडा तपासायला काढतात. त्यासाठी बहुधा दवाखान्यात राहावंही लागत नाही.

म्हणून तुम्हाला न विचारता ठरवलंय. येत्या मंगळवारी सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात जायचं, मी वर्ध्याच्या स्टँडवर उभी राहीन. नागपूरचंही शासकीय दंत महाविद्यालय चांगलं आहे, पण तुम्हाला तिथली गर्दी आणि प्रवास झेपणार नाही. कापूस वेचणीचं कारण सांगू नका, बायांची मजुरी मी पाठवलीय आणि काकाजी काट्यावर बसणार आहेत. एसटीत आईला अर्धं तिकीट, आधार कार्ड घ्या. डब्यात मऊ वरण-भात आणा, तिखट नको. बाबांसाठी पातळ उशी मी आणते, दवाखान्यातल्या बाकावर पाठ दुखते त्यांची.

जायच्या आधी एक करा, बाबा. तोंड पूर्ण उघडून तुमचीच तीन बोटं उभी आत मावतात का पाहा. मावत नसतील तर डॉक्टरांना सांगा, खर्ऱ्याने गालाची आतली चामडी ताठरते. खर्रा एकदम सुटणार नाही हे मला कळतं, पण झोपताना गालात ठेवणं आजपासून बंद. तुरटी, चुना, लवंगेचं तेल, काहीही लावू नका, डॉक्टरांना जखम आहे तशी दिसली पाहिजे. तुमच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या, रक्त पातळ करायची असेल तर ती आधी दाखवा. मनाने बंद करू नका.

पहिल्याच गाडीत बसा आणि बसलात की फोन करा.

तुमची,
छोटी