बाबांच्या रिपोर्टमधले आकडे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा रक्तातल्या साखरेचा लॅबचा रिपोर्ट मिळाला आणि घरच्या ग्लुकोमीटरवर घेतलेल्या आकड्यांचा कागदही मिळाला. रिपोर्ट वाचून मी घाबरले नाही. कागद पाहून मात्र काळजी वाटली, कारण त्यावर एकेका दिवसाचे कितीतरी आकडे आहेत, पण एकाही आकड्यापुढे वेळ लिहिलेली नाही आणि त्याआधी काय खाल्ले होते तेही नाही. वेळ आणि जेवण ठाऊक नसेल तर साखरेचा आकडा वाचता येत नाही, आणि वाचता न येणारा आकडा माणसाला नुसती भीती घालतो.

आधी रिपोर्ट पाहू. उपाशीपोटी ११२, जेवणानंतर दोन तासांनी १४८ आणि एचबीएवनसी ६.१ हे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. रात्रभर काही खाल्लेले नसताना यकृत रक्तात जी साखर सोडत राहते, तिला तुमचे इन्सुलिन किती आवरते हे पहिल्यावरून कळते. जेवणातून आलेली साखर शरीर किती लवकर मार्गी लावते हे दुसऱ्यावरून कळते. तिसरा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा आहे, कारण साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून राहते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. ६.१ म्हणजे या काळातली सरासरी साखर सुमारे १२८ होती. त्यामुळे चाचणीच्या आदल्या रात्री जेवण टाळून हा आकडा खाली आणता येत नाही, आणि एका लग्नातल्या श्रीखंडाने तो लक्षात येण्याइतका वरही जात नाही.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांप्रमाणे उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी आहे. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ झाले की मधुमेह म्हणतात, आणि काही लक्षणे नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री केल्याशिवाय तेही म्हणत नाहीत. कमाटीबागेत सकाळी भेटणारे तुमचे मित्र ११० पर्यंत काही नसते असे सांगतात, त्यालाही आधार आहे, कारण जागतिक आरोग्य संघटना ही पायरी ११० पासून धरते. तुमचे ११२ दोन्हींत बसते, म्हणून डॉक्टरांनी ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी आहे असे सांगितले ते बरोबर आहे. १४८ बद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: १४० ते १९९ ही या पायरीची जी मर्यादा सगळीकडे लिहिलेली असते, ती पाण्यात विरघळवलेले ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या चाचणीची आहे. वरण-भात-पोळी जेवून दिलेल्या रक्ताला ती जशीच्या तशी लावू नये.

आता घरचे यंत्र. एका बोटातून ११८ आणि लगेच दुसऱ्या बोटातून १०९ आले म्हणून यंत्र बिघडले असे तुम्ही लिहिले आहे. ते बिघडलेले नाही. या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, तेव्हा ११८ आणि १०९ हा एकच आकडा समजा. शिवाय जेवणानंतर बोटाच्या टोकातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्त भरते. म्हणूनच मधुमेह आहे की नाही हे लॅबच्या रक्तावर ठरवतात, घरच्या यंत्रावर नाही. टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा चिकू कापलेल्या बोटावर राहिलेला रस आकडा भलताच वर नेतो. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, कारण बडोद्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेने त्या खराब होतात.

रात्री फक्त मुगाची खिचडी खाऊनही सकाळी आकडा वर का, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावरून तुम्ही रात्रीचे जेवण बंद करण्याचे लिहिले आहे. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढवते, त्यांच्या प्रभावाने यकृत साखर सोडते आणि इन्सुलिन कमी पडले की सकाळचा आकडा चढलेला दिसतो. खिचडीचा त्यात फारसा दोष नाही. जेवण बंद करू नका, थोडे लवकर जेवा. आणि रात्रीच्या जेवणाआधी ८४ आले म्हणून साखर खाल्लीत, तसे पुन्हा करू नका. साखर उतरवणारे औषध तुम्ही घेत नाही, तेव्हा ८४ हा अगदी निरोगी आकडा आहे.

दिवसभर टोचत बसण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा आकड्यांची जोडी घ्या: एक जेवणाआधी, दुसरा पहिल्या घासापासून दोन तासांनी, आणि पुढे ताटात काय होते ते लिहा. एकदा भाकरी, उसळ आणि कोशिंबीर असताना मोजा, एकदा नेहमीच्या भातावर मोजा, एकदा एकादशीच्या साबुदाणा खिचडीवर मोजा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय आहे आणि बटाट्यातही मुख्यतः पिष्टच असते, म्हणून उपासाच्या दिवशी आकडा कमी येईल ही अपेक्षा बहुधा खोटी ठरेल. लिलो चेवडा तुम्हाला तिखट वाटतो, पण त्यात बटाटाही आहे आणि साखरही. आई, आमटीतला गुळाचा खडा तू काढून टाकलास हे कळले, पण चार जणांच्या आमटीतल्या त्या खड्यापेक्षा दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताने आकडा जास्त हलतो, तेव्हा आधी तिकडे बघ.

आई, बाबांबरोबर तूही एचबीएवनसी करून घेणार आहेस म्हणून तुझ्यासाठी वेगळे लिहिते. तुझे हिमोग्लोबिन कमी आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून तुझी उपाशीपोटीची साखरही त्याच वेळी तपासायला सांग आणि लोहाच्या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांग.

बाबा, या वयात आता काय बदलणार असे तुम्ही फोनवर म्हणालात, ते मला मान्य नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे यांवर भर दिला होता. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीपुढच्या लोकांत ही घट सर्वांत जास्त होती. चेन्नईत भारतीय लोकांवर झालेल्या २००६ च्या अभ्यासात आहार आणि व्यायामाने ती २८.५ टक्के भरली, जी आपल्यासाठी अधिक जवळची आणि तरीही मोठी आहे. सकाळचे कमाटीबागेतले चालणे चालू राहू द्या, त्यात दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांची भर घाला, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात. तुम्ही एकदा जोडी घेऊन पाहा, फरक तुमच्याच वहीत दिसेल.

पुढची लॅबची चाचणी तीन महिन्यांनी करा. त्या सकाळी रक्त देण्याआधी आठ ते दहा तासांचा उपास झालेला असू द्या, पाणी प्या, चहा घेऊ नका, आणि बागेत रक्त देऊन झाल्यावर जा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का आणि त्याने साखर चढते का, हे डॉक्टरांना विचारा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मध्येच फार तहान लागू लागली, लघवी वाढली किंवा कारण नसताना वजन उतरले, तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा आणि मला फोन करा. वहीच्या पानाचा फोटो दर रविवारी पाठवा, आपण दोघे मिळून वाचू.

कळावे.
तुमची लेक