दोन लाखांचं जुनं लोखंड

इप्सिलांटी, मिशिगन
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आई, परवा फोनवर तू सरळच विचारलंस, "त्या जुन्या लोखंडात दोन लाख घालून तुला मिळणार काय?" तेव्हा भारतातली रात्र झाली होती आणि बाबा जांभया देत होते, म्हणून विषय तिथेच राहिला. आता माझ्या जुन्या गाडीचं इंजिन मी नव्याने बांधतेय, त्याचं सगळं सविस्तर लिहिते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तेव्हा हे पत्र वाचून तूच दाखवणार. मधे मधे मशीनची भाषा येईल. तू अडलीस की मशीनवर काम केलेले बाबा सांगतील, आणि मी काही भलतंच लिहिलं असेल तर तेही सांगतील.

गाडी 1972 सालची शेवरोले नोव्हा. आमच्या गावाला लागूनच विलो रन आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे फोर्ड कंपनी बी-24 बॉम्बर विमानं बांधायची. पुढे त्याच आवारात शेवरोलेवाली जनरल मोटर्स आली आणि नोव्हा तिथे बनू लागल्या. माझ्या गाडीच्या चॅसिस नंबरात डब्ल्यू आहे, म्हणजे ती इथलीच लेक. इथे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. 1964 मध्ये पॉन्टिॲकने जीटीओ काढली, मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवून, आणि मग सगळ्याच कंपन्या त्या नादाला लागल्या. पुढे विमा महागला, धुराचे नियम आले, 1973 ला तेलाची टंचाई झाली आणि तो खेळ आटोपला. माझ्या गाडीवर 'एसएस' (सुपर स्पोर्ट) ही दोन अक्षरं नाहीत, इंजिन आठ सिलिंडरचं असलं तरी कार्बोरेटर साधा दोन नळ्यांचा. अस्सल शौकीन लोक तिच्याकडे बघून नाक मुरडतात. मला परवडली ती त्यामुळेच.

आता पैसे. इंजिनसाठी अडीच हजार डॉलर आणि त्यावर एक सेंटही नाही, हे इंजिन उतरवायच्या आधीच ठरलं होतं. इंजिन म्हणजे शेवरोलेचं 350 घन इंचांचं, आपल्या हिशेबात 5.7 लिटर. या घराण्यातलं पहिलं इंजिन 1955 ला आलं, आणि तेव्हापासून इतकी निघाली की त्याच्या पार्टइतके स्वस्त पार्ट इथे दुसऱ्या कुठल्याच जुन्या इंजिनाचे नाहीत. हेच पॉन्टिॲकचं किंवा ओल्ड्समोबिलचं असतं तर माझे पैसे निम्म्या रस्त्यात संपले असते. पेटीत बांधून तयार नवं इंजिनही मिळतं, पण ते माझ्या आवाक्यात नाही. आणि खरं सांगू का, ते मला नकोच होतं.

विकणारा सांगत होता की इंजिन "नुकतंच बांधलंय". हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढलं तर पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा, म्हणजे वाढीव मापाचा, आकडाच नाही. म्हणजे बोअर (सिलिंडरचं आतलं माप) स्टँडर्ड, कारखान्यातून निघाल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याची थाप माझ्या पथ्यावरच पडली. बाबा, तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे उद्यमनगरात डिझेल इंजिनाचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) ठोकून काढतात आणि नवा बसवतात. यात लायनर नसतो. सिलिंडर ब्लॉकमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे कातायचं ते ब्लॉकच्याच अंगातून. साठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढे कुणी जात नाही. आधीच कुणी साठ काढलेले असते तर ब्लॉक भंगारातच गेला असता.

तुम्ही फोनवर एकच प्रश्न विचारलात, "बोअर किती गेलाय?" तर ऐका. मूळ माप चार इंच. वर, जिथे रिंग थांबते त्याच्या जरा खाली, 4.009. तळाशी 4.001. वरच्या कडेला नख अडकत होतं. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागव, असं सांगणारे इथेही भेटले. पण आठ थाऊच्या टेपरमध्ये (वर रुंद, खाली अरुंद) रिंग दर फेऱ्याला उघडमीट करणार, ऑइल खाणार आणि सहा महिन्यांत निळा धूर मारणार. वीस थाऊवर सिलिंडर साफ झाला असता. पण स्वस्त पिस्टन तीस थाऊचे मिळतात, कारण सगळेच तीस काढतात आणि दुकानात ते कायम पडून असतात. म्हणून तीस. त्याने इंजिन 355 घन इंचांचं झालं, पण तो बोनस समजा.

इथल्या मशीन शॉपवाल्या आजोबांकडे ब्लॉक घेऊन गेले, तर त्यांचं पहिलं वाक्य तुमचंच होतं: पिस्टन आधी आण, मग बोअरचं बोल. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मापला, त्यावर खडूने नंबर घातला आणि त्या-त्या सिलिंडरला त्याच्या मापाने होन केलं, म्हणजे दगडाने घासून अचूक माप दिलं. आधी ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत धुऊन चिरा बघितल्या, त्याचे पैसे वेगळे. या कामावर माझ्या बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा गेला आणि तिथे मी एका डॉलरचीही घासाघीस केली नाही. आई, तुला नवल वाटेल, कारण भाजीवाल्याशी घासाघीस मी तुझ्याकडूनच शिकले.

ब्लॉक घरी आल्यावर धुणं माझ्याकडे होतं. बाबा, इथे आपलं जमणार नाही. आपल्याकडे रॉकेल आणि वेस्टवर (सुती धाग्यांच्या बोळ्यावर) सगळं धुतलं जातं. पण होनिंगच्या दगडाची पूड सिलिंडरच्या बारीक रेघांत बसते, आणि रॉकेल तिला हलवत नाही, उलट चिकटवून ठेवतं. लागतं गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. अंगणात ब्लॉक उलटा टांगून घासत बसले. ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहायच्या मार्गांचे) प्लग काढून लांब दांड्याचे ब्रश आरपार घातले. सिलिंडर वाळवून, पातळ ऑइल लावून पांढरं फडकं फिरवलं की ते करडं निघायचं. पुन्हा साबण, पुन्हा फडकं. फडकं पांढरं निघेपर्यंत हेच. आणि पांढरं निघालं की थांबायची सोय नाही, ओतीव लोखंडावर बघता बघता तांबूस गंज धरतो, म्हणून लगेच ऑइल चोपडायचं. या कामाला खर्च साबणाचा, आणि बेअरिंगचं आयुष्य यावरच ठरतं. यूट्यूबवरचे लोक हे काम दोन सेकंदांत उरकतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो.

क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, असं झालं. मेनच्या जर्नल (क्रँक ज्यांवर फिरतो ते गोल भाग) स्टँडर्ड मापात होत्या, नुसत्या पॉलिशवर भागलं. रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांच्या) जर्नलना ओरखडे होते, त्या दहा थाऊ ग्राइंड केल्या. ओरखडे कशाने आले तेही सापडलं. कारखान्याने टायमिंग चेनचं वरचं चक्र ॲल्युमिनियमचं आणि त्याचे दात नायलॉनचे दिले होते, आवाज कमी व्हावा म्हणून. ते दात झिजून तुटतात आणि खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडतात. ऑइल पंपाची जाळी त्या पिवळ्या तुकड्यांनी अर्धी बुजलेली होती. ऑइल पुरत नव्हतं, मग जर्नल खरवडणारच. नवी चेन आणि दोन्ही चक्रं लोखंडी घेतली, ऑइल पंपही नवा. हे पार्ट जुने वापरण्यात काटकसर नाही.

मेन बेअरिंग बसवून क्लिअरन्स (मधली फट) तपासला. आई, यासाठी शेवईएवढी बारीक मेणाची काडी मिळते. ती जर्नलवर आडवी ठेवायची, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, मग उघडायची. काडी चेपून जेवढी रुंद झाली असेल, तेवढी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. पाचही कॅपवर दोन ते अडीच थाऊच्या मधे आलं. बाबा, टॉर्क मी 70 फूट-पाउंडचा दिला, म्हणजे आपला साधारण पावणेदहा किलोचा.

काटकसर कुठे केली ते आता. क्रोमची झाकणं, ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या नळ्या), चार नळ्यांचा कार्बोरेटर, यातलं काहीच घेतलं नाही. जुना रोचेस्टर कार्बोरेटर उघडून साफ केला आणि गॅस्केट बदलले. हेड जुनेच ठेवले. 1996 नंतरच्या ट्रकचे व्होर्टेक हेड भंगारात मिळतात आणि ताकद खरोखरच वाढवतात. पण त्यांना मॅनिफोल्डही वेगळा लागतो, आणि व्हॉल्व्हच्या सीटजवळ चीर नाही ना, हे तपासायचे पैसे वेगळे. एकूण बेरीज केली आणि नाद सोडला. माझ्या हेडला नवे गाइड घातले आणि सीट कापून घेतल्या. इंजिन उचलायचा हायड्रॉलिक हात शेजाऱ्यांचा. बॅलन्सर काढायचा पुलर आणि रिंग काँप्रेसर पार्टच्या दुकानातून अनामत भरून आणायचे, काम झालं की परत करून पैसे परत घ्यायचे. इथली ही पद्धत मला फार आवडते.

कागदावर या इंजिनाची ताकद 165 हॉर्सपॉवर. मित्र हसतात, कारण 1971 च्या कॅटलॉगात याच इंजिनापुढे 245 छापलंय. पण इंजिन काही एका वर्षात लुळं पडलं नाही. 1971 पर्यंत इंजिन उघडं, पंखा आणि सायलेन्सर न लावता मोजायचे. 1972 पासून गाडीत बसतं तसं, सगळा लवाजमा लावून मोजू लागले.

कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, मात्र मला धास्ती आहे. हा सपाट टॅपेटचा (कॅमवर टेकून उचलल्या जाणाऱ्या तुकड्याचा) कॅम. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरपा घासलेला असतो, म्हणजे टॅपेट उचलला जाताना स्वतःभोवती फिरतो. फिरायचा थांबला की कॅम खल्लास. पूर्वी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस भरपूर असायचं. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतात म्हणून आताच्या ऑइलमध्ये ते कमी केलंय, त्यामुळे वेगळं ऑइल आणलं. रोलर कॅम घेतला असता तर ही भीती नव्हती, पण त्याचे पैसे ऐकून मी दुकानातून पाय मागे घेतला. पहिल्यांदा चालू केलं की आयडलवर (मंद चालीवर) सोडायचं नाही. लगेच 2000 ते 2500 आरपीएम आणि तिथे वीस मिनिटं, कारण कॅमला ऑइल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून. त्याआधी ऑइल पंप ड्रिल मशीनने फिरवून इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरपर्यंत ऑइल चढवणार. त्यासाठी जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचे दात ग्राइंडरने काढून हत्यार करून ठेवलंय.

आता खरं काम, ज्यासाठी बाबा मला तुम्ही हवे आहात. पिस्टनची पिन यात प्रेस फिट (घट्ट दाबून बसवलेली) असते. रॉडचं छोटं तोंड तापवून आजोबा ती घालून देणार. एकदा बसली की पुन्हा काढताना पिस्टन खराब होऊ शकतो, म्हणून रॉडचा निकाल आधी लागायला हवा. रॉड मूळचे आहेत, सरळ आहेत, चिरा नाहीत. बोल्ट पन्नास वर्षांचे. आजोबा म्हणतात, बोल्ट बदल. पण नवे बोल्ट ठोकले की मोठ्या तोंडाचं माप हलतं, ते पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. त्या सगळ्यात थोडी भर घातली की चांगल्या बोल्टसकट नवे रॉडच येतात. मी इंजिन 4500 आरपीएमच्या वर नेणार नाही, शर्यत लावणार नाही, त्या हिशेबाने जुने बोल्ट चालतील असंही एक मन म्हणतं. नवे रॉड घेतले तर रेडिएटरचं काम पुढच्या पगारावर जाईल आणि गाडी तोवर गॅरेजमध्येच.

तर जुने बोल्ट, नवे बोल्ट की नवे रॉड? "तुझं तू बघ" म्हणू नका. तुम्ही मशीनवर असताना गिऱ्हाईक हेच विचारायला आलं असतं, आणि त्याच्या खिशात पैसे बेताचेच असते, तर काय सांगितलं असतं ते व्हॉइस मेसेजवर बोला. शॉप आमच्या मंगळवारी सकाळी उघडतं, म्हणजे तुमच्याकडे त्या दिवशीची संध्याकाळ. तोवर आलं की पुरे.

आई, थायरॉइडची गोळी चहाच्या आधी घे, चहाबरोबर नको. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव, रजा टाकते.

तुमची,
शुभदा