पत्र सापडत नाही म्हणून चोरी ठरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील डार्विनवरचा लेख वाचला. प्रजाती कशा बदलतात याची डार्विनसारखीच कल्पना निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसलाही सुचली होती. त्याने ती कळवणारे १८५८ चे मूळ पत्र आज सापडत नाही, एवढ्यावरून लेखकाने 'डार्विनने कल्पना चोरली आणि पुरावा गायब केला' असा सूर लावला आहे. टपाल खात्यात ३६ वर्षे काढली म्हणून असेल, पण मला ते खटकले.

किराणा दुकानात बिले खोचायला तार असते ना, तशा तारांवर डार्विन आलेली पत्रे खोचून ठेवी. तारा भरल्या की काही वर्षांची पत्रे जाळून तारा मोकळ्या करी. मुलगा फ्रान्सिस यानेच हे लिहून ठेवले आहे. पत्रे जपायला सुरुवात झाली ती १८६२ च्या सुमारास. कामाची पत्रेही डार्विन कात्रीने कापून हवा तेवढा तुकडा विषयवार लावी. अशा घरातून एक पत्र गहाळ झाले, यात कट कसला?

तारखा पाहायच्या तर त्याने धाडलेल्या पत्रांच्या पाहाव्यात. जानेवारी १८४४ मध्ये तो आपला वनस्पतीशास्त्रज्ञ मित्र हूकर याला लिहितो, की प्रजाती स्थिर नाहीत असे मला वाटू लागले आहे. हे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे. १८५६ च्या सुरुवातीला तो मद्रासच्या सरकारी नोकरीतल्या वॉल्टर एलियटकडे जातीजातींतले फरक तपासायला कबुतरांची कातडी मागतो. (आपल्या दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापणारा एलियट तो हाच.) आणि ५ सप्टेंबर १८५७ ला अमेरिकेतला वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे याला त्याने नैसर्गिक निवडीचा, म्हणजे जगायला सोयीचे गुण असलेले जीव टिकतात आणि त्यातून प्रजाती बदलतात या कल्पनेचा, आराखडाच लिहून पाठवला. वॉलेसचे टपाल डार्विनच्या केंटमधल्या घरी पोचले त्यानंतर, जून १८५८ मध्ये.

आक्षेप घ्यायचाच तर पुढच्या प्रकारावर घ्यावा. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत दोघांचे लिखाण एकत्र वाचले गेले, ते वॉलेसला न विचारता. तो तिकडे मलय बेटांवर. डार्विनचे मित्र, भूशास्त्रज्ञ लायेल आणि हूकर, यांनी ही घाई केली. डार्विनही सभेत नव्हता, त्याचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी गेले होते. वॉलेसने मात्र पुढे कधी तक्रार केली नाही. १८८९ च्या आपल्या पुस्तकाला त्याने नाव दिले 'डार्विनिझम'.

पुढच्या पुरवणीत निदान ग्रेच्या पत्राची तारीख तरी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सांगली