महिला दिनाचा सिनेमा: तारीख बदला, खोलीत अंधार करा, मग बायका बसतील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठ मार्च जवळ आला की मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला महिलांसाठी मोफत चित्रपट ठेवले जातात. हेतू चांगला असतो, पैसाही खर्च होतो, आणि तरी अर्ध्या बायका मध्यंतराआधीच उठून जातात. मग आयोजक म्हणतात, "आमच्याकडच्या बायकांना असले गंभीर सिनेमे झेपत नाहीत." हे खरं नाही. बायका उठतात, कारण पडद्यावरचं नीट दिसत नाही, संवाद कळत नाहीत, मागे पुरुष उभे असतात आणि घरी जनावरांच्या पाण्याची वेळ झालेली असते. बाईचं जगणं, तिचे हक्क, तिचं शरीर आणि तिची इच्छा यांवरचे चित्रपट गावात दाखवायचे असतील तर काय काय सांभाळावं लागतं, ते या पत्रात लिहीत आहोत.

पहिली चूक तारखेची. आठ मार्चच्या सुमाराला ज्वारीची काढणी असते, हरभरा-गहू मळणीला आलेला असतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत तर तेव्हा म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच असतात. नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. म्हणजे ज्यांच्यासाठी हे चित्रपट सगळ्यात गरजेचे, त्याच गावात नसतात. 2019 मध्ये सरकारी सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के, परभणीत 48 आणि बीडमध्ये 43.7 टक्के निघालं. या बायकांना चित्रपट दाखवायचा तर खुरपणी उरकल्यावर आणि सोयाबीनच्या काढणीआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यातही महालक्ष्म्यांचे तीन दिवस सोडून.

वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी साडेबारा ते साडेतीनची बरी. त्या दिवशी बऱ्याच गावांत रोजंदारीला सुट्टी असते. रात्री ठेवायचं तर स्वयंपाक-भांडी उरकून बायका साडेआठच्या आत येत नाहीत आणि दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. दीड तास हातात राहतो. दोन तासांचा चित्रपट आणि वर चर्चा त्यात बसत नाही. सत्कार आणि भाषणं तर नकोतच. चित्रपटाआधी अर्धा तास पाहुणे बोलले की तेवढाच वेळ शेवटी चर्चेतून जातो, आणि चर्चा हाच या कार्यक्रमाचा गाभा आहे.

दुपारी दाखवायचं म्हणजे अंधार करावा लागतो. सभामंडपाच्या खिडक्यांतून ऊन येत असेल तर 5000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टरही फिका पडतो. अंधार असेल तर 3000 ते 3500 ल्युमेनचा साधा शाळेतला प्रोजेक्टर पुरतो. त्यासाठी महागडे पडदे लागत नाहीत. टरबूज-मिरचीच्या वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर खिडक्यांना दुहेरी लावावा, चंदेरी बाजू बाहेर. एकेरी लावला तर 25-30 मायक्रॉनच्या कागदातून उजेड झिरपतो. चंदेरी बाजू बाहेर ठेवली की खोली कमी तापते. दार मात्र उघडं ठेवून त्याला आतून गोधडी टांगावी. बंद खोलीत ऐंशी-शंभर बायका बसल्या की अर्ध्या तासात जीव गुदमरतो आणि पोरं रडायला लागतात.

आठ फूट रुंदीचं चित्र शंभर जणींना पुरतं. साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी साधारण बारा फूट अंतर लागतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, कारण बायका सतरंजीवर बसतात आणि पुढचीच्या डोक्यावरचा पदर मागचीच्या नजरेआड येतो. पहिली रांग पडद्यापासून दहा-बारा फुटांवर, आणि प्रोजेक्टरच्या झोतातून कोणी ये-जा करणार नाही अशी वाट बाजूने सोडावी. रात्री उघड्यावर असेल तर पावसाळी किडे थेट भिंगावर येतात. वीसेक फुटांवर दुसरा पांढरा बल्ब लावून ठेवला की बरेचसे तिकडे वळतात.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. मंडपवाल्याचा भोंगा घोषणेसाठी चांगला, संवादासाठी निकामी. हलक्या आवाजातलं बोलणं त्यातून फक्त कर्कश येतं, शब्द लागत नाहीत. अशा चित्रपटांत महत्त्वाचं ते बहुधा हलक्या आवाजातच बोललेलं असतं. डीजेचे डबे उलट टोकाचे: छाती हादरते, वाक्य कळत नाही. आठ किंवा दहा इंची दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या बायकांच्या डोक्यांच्या जरा वर ठेवावेत. पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो. मागच्या भिंतीला चार-पाच गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं. सुरू करण्याआधी एकीने शेवटच्या रांगेत बसून एक संवाद ऐकून पाहावा. तिला तो शब्दशः सांगता आला पाहिजे.

विजेचं सांगायला नको. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून 450 वॉटच्या आसपास जातात. 150 एएचची चांगली बॅटरी असेल तर अडीच तास निघतात, जुनी असेल तर तासाभरात मान टाकते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा. नाहीतर वीज गेली की प्रोजेक्टर क्षणभर बंद पडतो, आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणारी एचडीएमआय वायर दहा मीटरच्या आत ठेवावी. आणि मोबाईलवरच्या ओटीटीच्या भरवशावर राहू नये. कित्येकदा आवाज येतो, पडदा काळा राहतो. मशीन बिघडलेलं नसतं, नक्कल रोखणारी यंत्रणा चित्र अडवते. मुळात ते खातं घरगुती वापरापुरतं असतं. जाहीर खेळासाठी निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यांच्याकडूनच फाईल किंवा डिस्क मागावी. सामाजिक विषयांवर चित्रपट करणारी मंडळी महिलांच्या मोफत खेळासाठी विचारलं तर बहुधा आडमुठेपणा करत नाहीत. विचारतच कोणी नाही.

आता निवडीबद्दल. भाषा मराठी किंवा सोपी हिंदी हवी. खालच्या ओळी वाचायच्या चित्रपटाला अर्ध्या प्रेक्षक गमावाव्या लागतात, अक्षरओळख असली तरी वाचनाचा तेवढा वेग नसतो. सुरुवातीला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' (1995) आम्ही सगळ्यांत वर ठेवू. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो आणि नवरी पांढऱ्या पायाची ठरते. पुढे तिला मुंबईला धाडलं जातं, देहविक्रीच्या पैशावर घर चालतं आणि ती परत आली की घराला तिची लाज वाटते. हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. चर्चेत सगळा राग आधी आईवर निघतो. तो निघू द्यावा, आणि मग विचारावं की त्या घरात आईच्या हातात नेमकं काय काय होतं. इथून बोलणं खरं सुरू होतं.

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (1982), घर आणि मुलगी मागे ठेवून महिलाश्रमात नोकरीला जाणाऱ्या सुलभाची गोष्ट, दुसऱ्या-तिसऱ्या खेळाला ठेवावा. पहिल्याच वेळी ठेवला तर "पोरगी टाकून गेली" यावर सभा अडकते. सुलभाची वकिली आयोजकांनी करू नये. नवरा कामासाठी वर्षभर बाहेरगावी राहिला तर त्याला काय म्हणतात, एवढंच विचारावं. ऊसतोडीच्या, सेंटरिंगच्या आणि ट्रकवरच्या कामाच्या गावांत याला उत्तरं भराभर येतात. याच चित्रपटात आश्रमातल्या दोन बायकांमधल्या संबंधाचा प्रसंग आहे. तो आला की हशा उठतो किंवा माना खाली जातात. तो भाग पुढे ढकलून दाखवू नये. चर्चेत त्यावर शांतपणे एक प्रश्न ठेवावा आणि कोणी बोललं नाही तर पुढे जावं. प्रेक्षकांत त्या प्रश्नाशी जिचं नातं आहे अशी एखादी असू शकते, म्हणून आयोजकांच्या तोंडून तरी टिंगल होता कामा नये.

देवीला सोडलेल्या जोगते-जोगतिणींवरचा 'जोगवा' (2009) प्रभावी आहे, पण तुळजापूर-माहूरच्या पट्ट्यात जपून दाखवावा. प्रेक्षकांत आराधी, जोगतिणी बसलेल्या असतात आणि बाकीच्यांची बोटं त्यांच्याकडे वळतात. त्यांना आधी भेटून कथा सांगावी, यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं. रवी जाधवांचा 'न्यूड' (2018) 'ए' प्रमाणपत्राचा, म्हणजे फक्त अठरावरच्यांसाठी. गोव्याच्या महोत्सवातून 2017 मध्ये तो वगळला गेला तेव्हा गाजावाजा झाला, त्यामुळे नाव ऐकूनच लोक बिचकतात. प्रत्यक्षात तो कष्टकरी बाईच्या रोजीचा आणि आईपणाचा चित्रपट आहे. तालुक्याच्या गावी, वीस-पंचवीस बायकांच्या ओळखीच्या गटाला तो जरूर दाखवावा, चौकात नाही. 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'चंही तेच. त्याला 2017 मध्ये आधी प्रमाणपत्र नाकारलं गेलं, मग अपील लवादाने 'ए' प्रमाणपत्र देवविलं. तो लवादच 2021 मध्ये रद्द झाला. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही, आणि याचा फटका आधी अशाच चित्रपटांना बसणार याची आम्हाला काळजी वाटते.

प्रमाणपत्र पाहूनच खेळ ठरवावा. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहायच्या चित्रपटांचे, 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत. आयांबरोबर पोरं येणारच, म्हणून 'ए' चित्रपटाच्या वेळी त्यांना अंगणवाडीत सांभाळायला दोन जणी आधीच ठरवाव्यात. हे केलं नाही तर तरण्या आया दारातूनच परत जातात.

चर्चेचा गट पंचवीस-तीस जणींचा, गोल करून, माईक न देता. माईक हातात आला की बाई बोलत नाही, भाषण करते. सासवा आणि सुना वेगळ्या गोलात बसवाव्यात. सासू समोर असताना सून इच्छा-अनिच्छेबद्दल शब्द काढणार नाही. पुरुषांसाठी खेळ ठेवायचा तर दुसऱ्या दिवशी, जरूर ठेवावा. "सिनेमा कसा वाटला?" याचं उत्तर "चांगला होता" असंच येतं. "तुमच्या घरी असं होतं का?" हे तर कधीच विचारू नये; गावात त्या एका उत्तराची किंमत तिला वर्षभर मोजावी लागते. प्रश्न पडद्यावरच्या बाईबद्दलच हवा: ती दार लावून बसली तेव्हा तिला कोणाची भीती होती? तिला नवऱ्याजवळ जायचं नव्हतं, हे ती कोणत्या शब्दांत सांगू शकली असती? बायका 'ती' म्हणून स्वतःचं बोलतात, आणि तेवढा आडोसा त्यांना लागतो.

शरीराचा विषय निघाला की अंगावरून पांढरं जाणं, पाळी, पिशवी यांचे प्रश्न धडाधड येतात. तिथे कार्यकर्तीने डॉक्टरकी करू नये. आशाताई किंवा उपकेंद्राची एएनएम सिस्टर (परिचारिका) आधीपासून गटात बसलेली असावी, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारून ठेवावं. पांढरं जातं, कंबर दुखते एवढ्यावर पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बायका गटात निघतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं, एवढी गोष्टही त्यांना कोणी सांगितलेली नसते.

कोणी मारहाणीचं सांगितलं तर सभेत सोडवायला जाऊ नये. बाजूला नेऊन मदतीचे फोन नंबर 181 किंवा 112, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती द्यावी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागायला आधी पोलीस तक्रार लागत नाही, हे आवर्जून सांगावं. चिठ्ठी लिहून देऊ नये, घरी सापडते. नंबर तोंडपाठ करून घ्यावा किंवा बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहावा. अठराच्या आतल्या मुलीने अत्याचाराचं सांगितलं तर पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून "इथलं बाहेर जाणार नाही" असं सरसकट वचन सुरुवातीला देऊ नका. ठरलेल्या बालविवाहासाठी मुलांच्या मदतीचा नंबर 1098, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची.

फोटो चित्रपट सुरू होण्याआधी काढावेत आणि चर्चेच्या वेळी सगळे मोबाईल पिशवीत ठेवायला सांगावेत, आयोजकांचेही. आपल्या वार्ताहरांनाही एवढी विनंती आहे की चर्चेतल्या बाईचा चेहरा, नाव किंवा गाव छापू नये.

पैशाची अडचण सांगितली जाते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. अनेक ठिकाणी हा निधी वर्षअखेरीला घाईघाईने वस्तूवाटपात जातो. वर्षाला तीन खेळ त्यातून सहज बसतात. महिला ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा, चित्रपटाचं नाव आणि तारीख घालून, म्हणजे तो नंतर फिरवता येत नाही. तालुक्याच्या चित्रपटगृहांनाही एक सांगणं आहे. 'बाईपण भारी देवा'ला 2023 मध्ये बायका घोळक्याने आल्या, हे त्यांनी पाहिलं आहे. आठवड्यातून एक दुपारचा खेळ महिलांसाठी राखून ठेवावा, स्वच्छतागृहाला आतून कडी आणि आत पाणी असावं, आणि शेवटची एसटी निघायच्या आत खेळ सुटावा.

या पावसाळ्यात ज्या ग्रामपंचायतींना किंवा ग्रामसंघांना असा खेळ ठेवायचा असेल त्यांनी पोळ्याआधीच निर्मात्याला परवानगीचं पत्र टाकावं. उत्तर यायला महिनाभर लागतो आणि दसऱ्यानंतर कोयते बाहेर पडू लागतात.

आपल्या,
ग्रामीण भागात महिलांसाठी चित्रपट दाखवणाऱ्या काही कार्यकर्त्या,
अंबाजोगाई, जि. बीड